निवडणुकीतील गैरप्रकार आणि मतदाराचे मन

निवडणूक संपल्यानंतरचा पहिला आठवडा बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला बरेच काही शिकवून जातो. आपला राहू बेटाचा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा. एरवी खिडकीवर येणाऱ्या नोटा मळलेल्या, घामाने ओलावलेल्या असतात. त्या आठवड्यात मात्र करकरीत कोऱ्या पाचशेच्या नोटा येऊ लागतात. नोट कोठून आली हे आम्ही विचारत नाही. परंतु माणसे आपण होऊन बोलतात. एक जण हसून म्हणतो, "आमचेच पैसे होते साहेब, पाच वर्षांनी परत मिळाले." त्याच्या मागचा काही न बोलता मान खाली घालून भरण्याची चिठ्ठी पुढे सरकवतो. तिसरा चिडून सांगतो, "पलीकडच्या आळीत वाटले, आमच्याकडे कोणी फिरकलेसुद्धा नाही."

तिघांनीही एकच गोष्ट पाहिली. परंतु पहिल्याला तिची गंमत वाटली, दुसऱ्याला लाज वाटली, आणि तिसऱ्याला जो राग आला तो गैरप्रकाराचा नव्हे, तर त्यातून आपण वगळले गेलो याचा. एकाच गैरप्रकाराकडे मतदार इतक्या निरनिराळ्या नजरेने का पाहतात? वय, शिक्षण, स्त्री-पुरुष भेद, जात, पोटापाण्याचा धंदा आणि पक्षनिष्ठा यांचा त्या नजरेशी काय संबंध आहे? राज्यशास्त्राचे अभ्यासक जगभर या प्रश्नाचा विचार करीत आले आहेत. आपल्या सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी तो आपल्या गावाच्या संदर्भात समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

गैरप्रकार कशाला म्हणावे?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचारांची यादी दिलेली आहे. लाच देणे, दबाव आणणे, धर्म किंवा जात यांच्या नावावर मते मागणे, मतदारांना फुकट वाहनातून केंद्रावर नेणे हे सर्व त्यात येते. मतदान केंद्र बळकावण्याचा गुन्हा कलम १३५-अ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी पैसे देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही गुन्हेगार आहे, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी आहे. दुसऱ्याच्या नावावर मत देणे हा कलम १७२ प्रमाणे तोतयेगिरीचा गुन्हा आहे.

म्हणजे कायद्यापुढे प्रश्न साधा आहे. अवघड आहे ते माणसाचे मन. आणि त्या मनाचा विचार आपल्या परंपरेत फार जुन्या काळी झालेला आहे.

शलाका आणि चार अगती

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होते. विनयपिटकातील चुल्लवग्गात या मतदानाची पद्धत दिलेली आहे. संघात वाद निर्माण झाला की रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेतले जाई. त्या गोळा करणाऱ्या भिक्खूला पाली भाषेत सलाकागाहापक म्हणतात. हे काम कोणाला द्यावे यासाठी पाच गुण सांगितले आहेत. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकड्या वाटेला जाणारा नसावा. आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती घेतली गेली नाही, याचे त्याला नेमके ज्ञान असावे.

त्या काळी या पाच गुणांची अपेक्षा एका भिक्खूकडून होती. आज प्रत्येक मतदार हा निवडणुकीचा राखणदार आहे, म्हणून ती प्रत्येकाकडून आहे. आजचे अभ्यासक मतदाराच्या वृत्तीमागची जी कारणे सांगतात, ती याच चार अगतींच्या खाली मांडून पाहता येतात.

छंद : आपल्या माणसाची ओढ

छंद म्हणजे येथे आवड, आपलेपणाचा ओढा. गैरप्रकाराविषयीचे मत ठरविण्यात सर्वांत मोठा वाटा याचा असतो असे आम्हांला वाटते. विरोधकाने केले तर लबाडी, आपल्याने केले तर हुशारी. पक्ष, भावकी, जात आणि गावातला गट ही सर्व या ओढ्याची रूपे आहेत.

दुसऱ्याचे उदाहरण देण्यापेक्षा आम्ही आमचेच देतो. कॉलेजात असताना एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आम्ही आपल्या वस्तीतल्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसलो होतो. हातात यादी होती. दुपारी वस्तीतलाच एक मुलगा आला आणि मुंबईला कामाला गेलेल्या एका माणसाच्या नावावर मत देऊन गेला. आक्षेप घेण्याचा हक्क आम्हांला होता. आम्ही यादीत डोके घालून बसलो. मुलगा आपला, मत आपल्याला, आणि वर्षानुवर्षे समोरचा गट हेच करीत आला अशी मनाची समजूत. आपला उमेदवार निवडून आला, गुलाल उधळला, आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी बँकेतर्फे निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली. तालुक्याबाहेरच्या एका केंद्रावर यादीत नाव शोधून खूण करण्याचे काम आमच्याकडे होते. दुपारी एक म्हातारी आली. तिच्या नावापुढे आधीच खूण झालेली होती. बोटाला शाई नव्हती. ती म्हणाली, "बाबा, मी तर आत्ताच येतेय. माझं मत कुणी दिलं?" सकाळी गर्दीत कोणीतरी बाई तिच्या नावावर मत देऊन गेली होती, आणि ती आमच्या समोरूनच गेली होती. नियम ४९-पी प्रमाणे अशा मतदाराला मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येते. तसे ते आजींना देऊ दिले. पण ते मत वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. प्रकरण न्यायालयात गेले तरच ते उघडण्याची वेळ येते. हे आम्ही आजींना सांगितले नाही. त्या समाधानाने बाहेर पडल्या. त्या वेळी आम्हांला तो मुंबईला गेलेला माणूस आठवला. तो मतदानाला आला नव्हता म्हणून आमचा गुन्हा उघडा पडला नाही, एवढाच काय तो फरक.

द्वेष : पराभूताचा संशय

निवडणुकीनंतर जिंकलेल्या पक्षाच्या मतदारांना निवडणूक स्वच्छ वाटते आणि हरलेल्यांना ती संशयास्पद वाटते, हा अनेक देशांत आढळलेला अनुभव आहे. अमेरिकेत २००० साली एका पक्षाच्या लोकांनी मतमोजणीवर संशय घेतला, २०२० साली दुसऱ्या पक्षाच्या. माणसाची नजर निकालाबरोबर फिरते.

मात्र यावरून प्रत्येक संशय म्हणजे पराभूताची कुरकुर असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीचे उदाहरण घ्या. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानानंतर तेथील काही ग्रामस्थांना आपल्या गावातले आकडे पटले नाहीत. नवलाची गोष्ट ही, की त्यांचा उमेदवार मतदारसंघातून निवडून आला होता. तक्रार होती ती फक्त गावाच्या आकड्यांबद्दल. ३ डिसेंबर रोजी मतपत्रिकांवर पुन्हा चाचणी मतदान घेण्याचे त्यांनी ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ग्रामस्थांना ते सोडून द्यावे लागले. असे मतदान घेण्याचा अधिकार कायद्याने गावाला नाही, हे खरे. पण शंका तपासून घेण्याची सोय माणसाला हवी असते, हेही तितकेच खरे.

ही सोय आज कितपत आहे? प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील ५ केंद्रांवरील कागदी चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला. सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळण्यात आली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा देण्यात आली. लोकनीती-सीएसडीएस या अभ्यासगटाच्या पाहणीत निवडणूक आयोगावर खूप विश्वास असल्याचे सांगणारे लोक २०१९ साली ५१ टक्के होते, ते २०२४ साली २८ टक्क्यांवर आले. एवढी मोठी घसरण केवळ हरलेल्यांच्या रागाने होत नाही. संशयाला पुरावा मागितला पाहिजे, आणि पुरावा पाहण्याचा मार्गही मोकळा असला पाहिजे.

मोह : न उमजलेला गैरप्रकार

मोह म्हणजे अज्ञान, गोष्ट जशी आहे तशी न दिसणे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाले. उमराणे येथे बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि पैसा मंदिराच्या बांधकामासाठी होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. हा लिलाव काही रात्री अंधारात झाला नव्हता. तो भरसभेत झाला, कारण तेथे जमलेल्यांना तो गैरप्रकार वाटलाच नाही. पैसा देवाला जातो, गावात भांडण होत नाही, निवडणूक बिनविरोध होते, मग वाईट काय? वाईट हे की, ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही त्याचा उमेदवारीचा हक्क गेला, आणि इतर सर्वांचा मत देण्याचा हक्क त्याच्याबरोबर गेला. बिनविरोध या गोड शब्दाआड काय दडले आहे, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजाने तरी ओळखले पाहिजे.

शिक्षणाने हा मोह कमी होतो. कायदा वाचलेला तरुण गैरप्रकार चटकन ओळखतो. परंतु शिक्षणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, तर मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात सुमारे ४४ टक्के. गैरप्रकारांवर इंग्रजीत चर्चा करणारा माणूस घरी बसतो, आणि यादीतले त्याचे न वापरलेले नाव हाच तोतयाचा कच्चा माल असतो.

वयाचाही परिणाम होतो. ज्यांनी कागदावर शिक्का मारून मत दिले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना यंत्राचा विश्वास वाटत नाही. तरुणांना यंत्राची भीती नाही, पण घरपोच आलेल्या क्रिकेटच्या सामानात किंवा जेवणावळीत काही गैर आहे असे पुष्कळदा वाटत नाही.

आणि स्त्रियांचे काय? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, मुख्यतः उत्तर भारतातील कित्येक स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. आज नाव यादीत आले आहे; परंतु नवऱ्याने पैसे घेतले तर मताचा सौदा कोणाचा झाला, हा प्रश्न अद्याप घराघरांत आहे.

भय : परावलंबी माणसाचे मौन

चौथी अगती भयाची. गैरप्रकार ज्याला सर्वांत जवळून दिसतो, तोच बहुधा बोलू शकत नाही. ज्याची मजुरी बागायतदारावर, उचल मुकादमावर, उसाची तोड कारखान्याच्या चिटबॉयवर आणि घरकुलाची सही पुढाऱ्यावर अवलंबून आहे, तो मनात चूक काय हे पक्के ओळखतो. तरीही विचारले तर म्हणतो, "आपल्याला काय करायचंय, भाऊ!" याला आपण उदासीनता म्हणतो. ते पुष्कळदा भय असते.

मतदान गुप्त असले तरी मोजणी केंद्रवार होते. एखाद्या वस्तीचे केंद्र वेगळे असेल तर वस्तीने कोणाला किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. हे टाळण्यासाठी अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर नावाचे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली दिला आणि २०१५ साली विधी आयोगाने तशीच शिफारस केली. तो अमलात आलेला नाही.

भयाप्रमाणे लाजही तोंड बंद करते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात २००८ च्या स्थानिक निवडणुकांनंतर अभ्यासकांनी एक युक्ती केली. मतासाठी भेट मिळाली का, असे सरळ विचारता जेमतेम दोन-अडीच टक्के लोकांनी होकार दिला. मग एका गटाला प्रचाराच्या चार गोष्टींची यादी दाखविली आणि दुसऱ्या गटाला तीच यादी भेटवस्तूची पाचवी गोष्ट घालून. कोणती ते न सांगता, यांपैकी किती गोष्टी घडल्या एवढा आकडाच विचारला. दोन गटांच्या सरासरीतील फरकावरून दिसले की, सुमारे २४ टक्के लोकांना भेट देऊ केली होती. विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गावात पाहणी करताना कोणी "छे, आमच्याकडे असलं काही नाही" म्हणाला, तर ते सत्य समजू नये आणि त्याला खोटारडाही समजू नये.

बाबासाहेबांनी घालून दिलेला धडा

या चारही अगतींतून माणूस बाहेर राहू शकतो काय? याचे उत्तर बाबासाहेबांच्या दोन पराभवांत आहे.

१९५२ साली ते उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे होते. तो द्विसदस्य मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. बाबासाहेबांचा नारायण काजरोळकर यांच्याकडून चौदा हजारांवर मतांनी पराभव झाला, आणि ७४ हजारांवर मते बाद झाली होती. मते कुजविण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, असा आरोप करून बाबासाहेब व अशोक मेहता यांनी श्रीपाद अमृत डांगे व इतरांविरुद्ध निवडणूक अर्ज दाखल केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. संशय आला तेव्हा त्यांनी दगड उचलला नाही. ते कायद्याने दाद मागायला गेले.

पुढे मे १९५४ मध्ये भंडारा येथे पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ पुन्हा द्विसदस्य. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे म्हणजे विजय सोपा होईल, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी त्यास ठाम नकार दिला, ही हकीकत जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. ज्या युक्तीने आपण हरलो तीच आपल्या फायद्याची झाली तेव्हाही त्यांनी ती हाती धरली नाही. सुमारे आठ हजार मतांनी ते पराभूत झाले. गैरप्रकाराविषयी आपली वृत्ती खरी की सोयीची, हे ओळखण्याची याहून स्वच्छ कसोटी आम्हांला दिसत नाही : तो आपल्या फायद्याचा असताना आपण काय करतो?

पाचवा गुण

शलाका गोळा करणाऱ्याचा पाचवा गुण होता तो घेतलेल्या व न घेतलेल्या शलाकांच्या ज्ञानाचा. आजच्या भाषेत, यादी बिनचूक ठेवण्याचा. मन बदलायला वेळ लागेल, यादी आजपासून तपासता येते. नमुना ६ भरून नवे नाव घालता येते, नमुना ७ ने मृत किंवा गाव सोडून गेलेल्याचे नाव काढता येते, नमुना ८ ने दुरुस्ती होते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आता वर्षातून चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. केंद्रावर तोतया दिसला तर उमेदवाराचा प्रतिनिधी अवघे दोन रुपये भरून आक्षेप नोंदवू शकतो. ज्याला नाव उघड होण्याचे भय आहे तो सी-व्हिजिल या मोबाईलवरील सोयीतून नाव न देता आयोगाकडे तक्रार करू शकतो.

आमच्या वडिलांचे नाव त्यांच्या निधनानंतरही चार वर्षे मतदार यादीत होते. यादी आली की आम्ही ते नाव पाहत असू. काढून टाकायला मन होत नव्हते; निदान कागदावर तरी ते आहेत, असे वाटे. आजींचा तो प्रश्न आठवल्यावर मात्र एके दिवशी नमुना ७ भरला. माया असली तरी तोही छंदच होता, आणि त्या नावावर दुसरे कोणी मत देऊन जाणार नाही याची हमी आम्ही देऊ शकत नव्हतो. आपल्या वस्तीतील तरुणांनी यंदा अशी सर्व नावे शोधावीत, आणि सुरुवात आपापल्या घरापासून करावी, एवढीच विनंती.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे प्रश्न

१. मतासाठी पैसे घेणारा व देणारा यांच्यापैकी गावात दोष कोणाला दिला जातो? का?
२. बिनविरोध निवडणूक आणि पदांचा लिलाव यांतील फरक सांगा.
३. शिक्षण वाढले म्हणजे गैरप्रकारांना विरोध वाढतोच काय? उदाहरणे द्या.
४. मारकडवाडीच्या ग्रामस्थांच्या जागी आपण असतो तर कायद्याच्या कोणत्या मार्गाने शंका तपासली असती?
५. आपल्या घरातील मतदारांची नावे यादीत पाहा. किती नावे बरोबर आहेत, किती चुकीची आहेत आणि किती राहिली नसून शिल्लक आहेत, याची नोंद करा.